मी जागचा हललो ती दुपार

मी एक जुना बोल्ट आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मला कुणी हट्टी म्हटले तर मुळीच वाईट वाटत नाही. अठरा वर्षे मी एका मोटारीच्या पोटाखाली एकाच जागी बसून होतो. त्या अठरा वर्षांत मोटारीचा रंग दोनदा बदलला, आरसे फुटले, टायर किती आले नि किती गेले, हॉर्नचा आवाज बसला. मी मात्र केसाइतकाही हललो नाही. लोक त्याला गंजणे म्हणतात. मी त्याला इमान म्हणत असे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. लोखंडी सळईचा एक तुकडा यंत्राने उचलला, एक दणका दिला आणि मला सहा बाजूंचे डोके फुटले. मग दोन साच्यांमध्ये घालून मला असे काही रगडले की अंगभर आटे उमटले. त्या वेळी फार गुदगुल्या झाल्या, पण आट्यांशिवाय बोल्टला कोण विचारतो! शेवटी पिवळसर मुलामा चढला. मी इतका झळकत होतो की शेजारच्या बोल्टात स्वतःचे तोंड पाहून घेत असे. आम्हा सगळ्यांना पुठ्ठ्याच्या डब्यात भरले आणि त्या डब्यातून मला विकत नेले ते मिस्त्रींनी.

मिस्त्रींचे गॅरेज म्हणजे पत्र्याची एक लांबट शेड. एका टोकाला रस्त्यावर उघडणारे मोठे दार, दुसऱ्या टोकाला दगडी भिंत. भिंतीवर लहानापासून मोठ्यापर्यंत सगळे पाने ओळीने टांगलेले असत. प्रत्येक पान्यामागे रंगाने त्याचा आकार काढलेला होता, म्हणजे एखादा जागेवर नसला की लगेच ओरडा सुरू. शेड इतकी अरुंद की मोटार आत आली की तिला फिरवायची सोयच नाही. सगळ्या मोटारी नाक भिंतीकडे करून आत येत आणि तशाच उलट्या पावली बाहेर जात.

या शेडमध्ये डावे आणि उजवे हे शब्द बोलायला बंदी होती. मोटारीखाली उताणे पडले की माणसाला कुठला हात कोणता ते कळेनासे होते, म्हणून मिस्त्रींनी ते शब्दच मोडीत काढले होते. त्याऐवजी ते 'भिंतीकडे ओढ' आणि 'दाराकडे ओढ' असे म्हणत. ड्रायव्हर बसत नाही त्या दुसऱ्या अंगाचे जे पुढचे चाक, त्याच्याजवळचा माझ्यासारखा बोल्ट भिंतीकडे ओढला की सुटायचा आणि दाराकडे ओढला की आवळायचा. ड्रायव्हरच्या अंगाला त्याच्या बरोबर उलट. मिस्त्रींची ही भाषा चाळीस वर्षांत एकदाही चुकली नव्हती. हे नीट ध्यानात ठेवा, मित्रांनो, कारण पुढची सगळी फजिती यातच आहे.

मला बसवायचे होते ते ड्रायव्हरच्या दुसऱ्या अंगाला. चाकाला मोटारीच्या अंगाशी धरून ठेवणारा एक लोखंडी हात असतो. गॅरेजात त्याला आर्म म्हणतात. त्या हाताच्या खांद्यात रबराचा बुश असतो आणि त्या बुशातल्या नळीतून खालून वर आरपार जाऊन मोटारीच्या अंगावरच्या नटात घट्ट बसायचे माझे काम. ते दिवस मिस्त्रींच्या उमेदीचे होते. दारात चार मोटारी खोळंबलेल्या. ग्रीसचा डबा कुठेतरी मागे राहिलेला. "राहू दे ग्रीस," असे म्हणून त्यांनी मला कोरडाच आत घातला. दाराकडे ओढून आवळला. पान्याला पाइप लावून आणखी एक हिसका दिला. मग छिन्नीने माझ्या डोक्यावर बारीकशी तिरपी खूण केली. आपण बसवलेल्या प्रत्येक बोल्टवर ते अशी खूण करत. शेवटी मला एक चापट मारून म्हणाले, "आता हा बापजन्मात निघत नाही!"

मित्रांनो, माझ्या आयुष्यातले हे पहिले कौतुक. ते मी मनावर घेतले.

मोटार एका नर्सबाईंची होती. घरोघरी जाऊन आजाऱ्यांना बघायचे, जखमा बांधायच्या, बाळंतिणींची विचारपूस करायची, असे त्यांचे काम. त्यामुळे आम्ही सगळीकडे गेलो. चिखलात गेलो, खडीवरून गेलो, ज्याला रस्ता म्हणायला जीभ रेटत नाही तिथूनही गेलो. प्रत्येक खड्ड्याचा दणका चाकातून हातात आणि हातातून माझ्यात येई. मी तो गिळून टाकी. वर बसलेल्या नर्सबाई मोटारीला शाबासकी देत, इंजिनाला देत, एकदा तर त्यांनी वायपरचेही गुण गायले. मिस्त्री सोडले तर बोल्टला शाबासकी देणारे माणूस मी अजून पाहिलेले नाही. मला थोडे वाईट वाटे, पण मी मिस्त्रींची चापट आठवून गप्प बसत असे.

पाणी हळूहळू आत शिरले. माझा पिवळा मुलामा गेला, अंगावर तांबूस खवले चढले. बुशाची नळी आणि मी इतके एकजीव झालो की ती कुठे संपते आणि मी कुठे सुरू होतो ते आम्हालाच सांगता येईना. त्यात एक दिवस बुशाचे रबर फाटले. चाक वाकडे चालू लागले, खडखड वाढली, आणि नर्सबाई कशाबशा मोटार हाकत मिस्त्रींच्या दारात आल्या.

शेडच्या दाराशी वळण होते आणि मोटार पुढे घ्यायला गेले की ते वाकडे चाक चौकटीला जाऊन भिडे. तीनदा प्रयत्न झाला. शेवटी चौघांनी मिळून मोटार ढकलत उलटी आत घेतली. मिस्त्रींच्या शेडमध्ये पाठ भिंतीकडे आणि नाक दाराकडे करून उभी राहिलेली ही पहिलीच मोटार. त्या गडबडीत कुणाच्या काही लक्षात आले नाही.

आता मिस्त्री म्हातारे झाले होते. गुडघे वाकत नव्हते, त्यामुळे मोटारीखाली जाणे बंद. ते स्टुलावर बसून काठीने दिशा दाखवत. त्यांच्या मुलाला ग्रीसचा वास सोसत नसे, तो कचेरीत नोकरीला होता. मोटारीखाली शिरायची ती त्यांची सून. सहा वर्षांपूर्वी सासऱ्यांचा जेवणाचा डबा द्यायला आली आणि डबा ठेवून पाना उचलून बसली, ती तिथलीच झाली. घरात ती त्यांना मामंजी म्हणे. शेडमध्ये मात्र मिस्त्री म्हणायचे असा त्यांचा हुकूम होता, आणि ती तो हसून पाळत असे. तिचा हात चांगला होता. तरी मिस्त्री तिला अजून पाने देणारी मदतनीसच समजत.

शेड भाड्याने मागायला एक टायरचा व्यापारी महिनाभर खेटे घालत होता. त्याला तिथे गोदाम करायचे होते. त्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता तो किल्ली न्यायला येणार होता. सुनेने सकाळीच विषय काढला.

"मिस्त्री, किल्ली देऊ नका. मी चालवते ना गॅरेज."

"चालवशील गं. पण नवे भाग कुणीही बसवतं. अडलेलं काढतो तो मिस्त्री." त्यांनी काठी मोटारीकडे रोखली. "हा आर्म न कापता उतरवलास, तर शेड तुझी. गॅसने कापावा लागला, तर किल्ली त्याची."

"कापायचंच असेल तर मला सांगा," नर्सबाई म्हणाल्या. "तिथला पत्रा आता पापडासारखा झालाय. गॅस लागला की भोकच पडणार. मग मी मोटार सरळ भंगारात देते." एवढे बोलून त्या पायीच आपल्या आजाऱ्यांकडे निघून गेल्या.

मोटार जॅकने उचलून लोखंडी घोड्यांवर टेकवली. चाक निघाले. सून सतरंजीच्या तुकड्यावर उताणी सरकत माझ्याखाली आली. अठरा वर्षांत माझ्याकडे इतक्या जवळून कुणी पाहिले नव्हते. तिने तारेच्या ब्रशने माझा थोडा गंज झाडला, गंज सोडवणारे तेल घातले, हातोडीने डोक्यावर टकटक केले. मी मनात हसलो. म्हटले, ये बाई, तुझ्यासारख्या कैक पाहीन!

"रिंगपाना बसला का?" वरून मिस्त्रींचा आवाज आला.

"बसला."

"मग ओढ भिंतीकडे."

तिने ओढले आणि मी दचकलो. मित्रांनो, भिंतीकडे ओढले की मी सुटायला हवा होतो. पण मोटार तर उलटी उभी होती! भिंत आता माझ्या मागे होती. ती मला सोडवत नव्हती, आवळत होती.

"आणखी जोर लाव. पाइप घाल पान्यात."

पाइप आला. तिने दोन्ही पाय घोड्याला टेकवले आणि असा जोर लावला की माझी मान ताणली गेली. कुर्रर्र असा आवाज झाला.

"हलला!" मिस्त्री स्टुलावरून अर्धे उठले. "म्हटलं नव्हतं? आता सोडू नकोस त्याला!"

हललो खरा, पण आणखी आत. मला ओरडावेसे वाटत होते, पण बोल्टला कंठ कुठून असणार! सुनेने माझ्या डोक्यावर आणि शेजारच्या लोखंडावर खडूची एक सरळ रेघ मारून ठेवली आणि पुन्हा पाइप धरला. ही रेघ मारायची सवय तिची स्वतःची होती. मिस्त्रींना ती पोरकटपणा वाटे.

दुपारचे जेवण झाले, पुन्हा सुरुवात झाली. मिस्त्री आता मला बसवणाऱ्याच्या नावाने खडे फोडू लागले. "कुण्या गाढवाने बसवलाय हा? ग्रीसचा थेंब नाही. हात होते की खुरं होती त्याला? समोर आला तर कान धरून उभा करीन." मी ऐकत होतो आणि गंजलेल्या अंगानेही मला हसू आवरत नव्हते. कान धरायला त्यांना फार लांब जावे लागणार नव्हते.

पण हसू फार वेळ टिकले नाही. पाना एकदा निसटला आणि सुनेची बोटे लोखंडावर सोलवटली. तिने फडके गुंडाळले आणि पुन्हा पाना लावला. पुढच्या ओढीला माझ्या मानेत बारीकशी कळ गेली. तेव्हा मला कळून चुकले की अशी आणखी दोन-तीन वेळा ओढ बसली तर मी तुटणार. अर्धा आत राहणार, अर्धा हिच्या हातात येणार. मग गॅस येईल, पत्र्याला भोक पडेल, नर्सबाईंची मोटार भंगारात जाईल आणि या पोरीची शेड टायरांनी भरेल. एवढे सगळे कशासाठी, तर एका चापटीपायी अडून बसण्यालाच मी इमान समजलो म्हणून. मला माझीच लाज वाटली. अठरा वर्षांत पहिल्यांदा मला बाहेर यावेसे वाटले.

तीन वाजून गेले. "पुरे आता," मिस्त्री थकून म्हणाले. "गॅसवाल्याला बोलवावं लागणार." सून खाली तशीच पडून राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आले होते. ते कडेने कानाकडे ओघळताना मी वरून पाहिले.

एवढ्यात सासूबाई चहा घेऊन दारात आल्या आणि तिथेच थबकल्या.

"अगंबाई! आज हिचं तोंड माझ्याकडे कसं? चाळीस वर्षं चहा आणतेय, दरवेळी मोटारीची पाठच बघायला मिळते. आज एकीने तरी बघितलं बाई माझ्याकडे."

"चहा ठेव आणि जा," मिस्त्री करवादले.

पण मोटारीखाली सून एकदम सावध झाली होती. तिने विजेरी माझ्यावर धरली आणि खडूची रेघ पाहिली. रेघ जुळत नव्हती. माझ्या डोक्यावरचा तुकडा सरकला होता, आणि आवळण्याच्या बाजूला सरकला होता. तिने मान वळवून दाराकडे पाहिले, मग भिंतीकडे पाहिले, आणि सरपटत बाहेर आली. तोंड काळे, बोटाला फडके, केसांत गंज.

"मिस्त्री, आपण सकाळपासून बोल्ट आवळतोय."

"काहीतरीच काय! डाव्या..." चाळीस वर्षांत टाळलेला शब्द त्यांच्या तोंडून निसटला. "त्या चाकाला भिंतीकडेच सुटतो. चाळीस वर्षं सुटतोय."

"भिंत तीच आहे हो. मोटार फिरलीय."

मिस्त्रींनी मोटारीकडे पाहिले. दाराकडे रोखलेले तिचे नाक, त्यावरचे दोन दिवे. त्यांनी काठी एकदा भिंतीकडे केली, एकदा दाराकडे केली आणि हवेतच थांबवली. मला वाटले, आता भडकतात. पण त्यांचे पोट हलू लागले, मग खांदे, आणि मग ते असे काही हसले की स्टूल करकरले. सासूबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "मी म्हणत नव्हते, भिंतीशी बोलायची सवय बरी नव्हे म्हणून!"

"आता काय करायचं, मिस्त्री?" सुनेने विचारले.

"मला काय विचारतेस? खाली तू आहेस. तुला दिसतं ते कर."

मित्रांनो, सहा वर्षांत हे वाक्य त्या शेडमध्ये पहिल्यांदाच बोलले गेले होते.

तिने घाई केली नाही, आणि तेच मला सर्वांत आवडले. आधी पुन्हा तेल घातले आणि चहा संपेपर्यंत ते मुरू दिले. मग हातोडीने चहूबाजूंनी हलके ठोके दिले, तसे तेल माझ्या आट्यांपर्यंत झिरपले. मग पाइप धरला आणि दाराकडे ओढला. किंचित. लगेच परत थोडा मागे. पुन्हा दाराकडे, पुन्हा मागे. हट्टी मुलाला हळूहळू राजी करावे तसे. माझ्या अंगावरचा गंज भुगा होऊन तिच्या चष्म्यावर पडू लागला. मीही माझ्याकडून होते नव्हते ते बळ लावले.

"टण्ण!"

असा आवाज झाला की रस्त्यावरचा माणूस दारात डोकावला. मी हललो! खरोखर हललो. एक आटा, दोन आटे. बुशाचे रबर फाटलेलेच होते, त्यामुळे त्यातली नळीही माझ्याबरोबर गरगर फिरू लागली. सून मोठमोठ्याने मोजू लागली, सासूबाई तिच्याबरोबर मोजू लागल्या, आणि मिस्त्री काठीने जमिनीवर ताल धरू लागले. अकराव्या आट्याला मी वरच्या नटातून सुटलो आणि तो लोखंडी हात, बुश, नळी, मी, सगळे एकदम तिच्या छातीवर उतरलो. ती मला कवटाळून मोटारीखालूनच ओरडली, "न कापता!"

"ऐकलं!" मिस्त्री म्हणाले.

शिकंज्यात धरून तिने मला नळीतून ठोकून वेगळे केले आणि डोके घासून लख्ख केले. गंजाखालून छिन्नीची तिरपी खूण वर आली. तिने ती पाहिली, अंगठ्याखाली झाकली आणि मला खिशात टाकू लागली.

"दाखव इकडे," मिस्त्री म्हणाले. त्यांनी चष्मा पुसून बराच वेळ पाहिले. मग स्वतःचा कान स्वतःच धरला. "कळलं. बसवणारा कोण होता ते कळलं."

"माणूस चांगला होता," सून म्हणाली. "फक्त ग्रीस विसरला."

नवा आर्म चढला. नव्या बोल्टला तिने बोटभर ग्रीस फासले. मोटार चाकांवर उतरवून मग तो शेवटचा आवळला. मिस्त्रींचा हात सवयीने पाइपकडे गेला, तसे तिने तो अलगद बाजूला ठेवला. "पुरे, मिस्त्री. पुढच्या वेळी हा मलाच काढायचाय." त्यांनी मान डोलावली.

बरोबर पाच वाजता टायरवाला दारात उभा राहिला. सून शेवटची तपासणी करायला पुन्हा मोटारीखाली शिरली होती, तिचे फक्त पाय दिसत होते.

"काय मिस्त्री, शेड रिकामी झाली का? किल्ली द्या."

"मला कशाला विचारता?" मिस्त्री काठी टेकत उठले आणि त्यांनी ते दोन पाय दाखवले. "मालकीणबाई मोटारीखाली आहेत. त्यांना विचारा."

मोटारीखालची खटपट एकदम थांबली. मग आतून उत्तर आले, "शेड रिकामी नाही!" टायरवाला आला तसा गेला. थोड्या वेळाने नर्सबाई आल्या, मोटारीत बसल्या, आणि मोटार जराही न खडखडता नाकासमोर सरळ बाहेर पडली. तशी बाहेर पडणारीही ती पहिलीच.

माझे काय झाले म्हणता? मला वाटले होते, आता भंगारात जाणार. पण मालकीणबाईंनी मला तेल पाजून शेडच्या दाराच्या कोयंड्यात घातले. सकाळी मला उपसले की दार उघडते, संध्याकाळी आत घातले की कडी लागते. अठरा वर्षे न हललेला मी आता दिवसातून दहा वेळा हलतो, आणि खरे सांगू, यात फार मजा आहे.

म्हणून मित्रांनो, तुम्हाला एकच मागणे आहे. सायकलचे चाक असो, खुर्चीचा पाय असो, जे बसवाल ते घट्ट बसवा. पण आधी थोडे ग्रीस लावा. कारण ते कधीतरी कुणालातरी काढायचे असते. तो कुणीतरी उताणा पडलेला असेल, त्याची बोटे सोलवटलेली असतील, आणि त्याचे फार काही त्या एका बोल्टवर अवलंबून असेल. त्याची आठवण ठेवून बसवा. बरे, आता थांबतो. मालकीणबाई आल्या, दार उघडायचे आहे.